पहिल्या खेळाचा बेवड

आमच्या पिंपळवंडीच्या शिवारात कोणी दुसऱ्याचे रान वाट्याने करावयास घेतले, तर तो मालकास पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो आणि दुसरा बेवडाचा. मागच्या हंगामात या रानात काय होते, हे कळल्यावाचून पुढे काय करावे याचा निर्णय जाणता शेतकरी करीत नाही. रान भुईमुगाचे किंवा हरभऱ्याचे निघाले, तर त्याच्या मुद्रेवर समाधान उमटते. कारण या पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंनी हवेतील नत्र धरून ठेवलेले असते, आणि पीक निघाल्यावर त्याचा काही अंश मातीच्या पदरी पडतो, हे शास्त्र त्याने पुस्तकात वाचलेले नसले तरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने त्याला अवगत असते. पीक खळ्यावर जाते, तेथून बाजारात जाते, त्याचा पैसा येतो आणि खर्चही होतो. परंतु जाताना ते जमिनीत जे मागे ठेवून जाते, त्याच्या बळावर पुढचे पीक जोम धरते. या मागे राहिलेल्या गुणाला आपल्या भाषेने बेवड असा नेमका शब्द दिला आहे.

मनुष्याच्या शरीरालाही असाच बेवड असतो, असे माझे निश्चित मत आहे. बालपणी आणि तारुण्याच्या आरंभी ज्या खेळात देह घडला, तो खेळ पुढे सुटला, त्यात नाव झाले नाही, त्याची प्रमाणपत्रे पेटीच्या तळाशी गेली, तरी त्या खेळाने स्नायूंत, सांध्यांत आणि नजरेत जे साठवून ठेवले ते सहसा वाया जात नाही. योग्य वेळी योग्य बी पडले तर ते दुसऱ्याच खेळाच्या रूपाने उगवून येते. या विधानास दाखला म्हणून प्रथम एका दूरदेशीच्या खेळाडूची कारकीर्द सांगतो आणि मग आपल्या मुलखाकडे वळतो.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात १९८० साली जन्मलेला अँटोनियो गेट्स शाळेत बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल असे दोन्ही खेळ खेळत असे. महाविद्यालयात मात्र तो बास्केटबॉलचाच झाला. ओहायो प्रांतातील केंट स्टेट विद्यापीठाच्या संघात तो होता, आणि २००२ साली राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत तो तुलनेने लहान संघ शेवटच्या आठांत पोहोचला, त्यात त्याचा वाटा मोठा होता. असा खेळाडू पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये जाणार, हे साऱ्यांनी गृहीत धरावे अशीच परिस्थिती होती. पण त्याची उंची सहा फूट चार इंच. आपल्याकडे या उंचीचा मनुष्य दारातून वाकून जातो. तथापि बास्केटच्या कड्याखाली उभे राहून धष्टपुष्ट प्रतिस्पर्ध्यांशी झुंजण्याचे जे स्थान तो खेळत असे, त्यासाठी तेथील व्यावसायिक संघांना त्याहून चार-सहा इंच अधिक उंचीची माणसे लागतात, आणि दुरून चेंडू टाकणाऱ्या चपळ खेळाडूंच्या स्थानासाठी त्याची घडण निराळी होती. त्याच्या अंगी गुण होते. त्या गुणांना बास्केटबॉलच्या व्यावसायिक दरबारात जागा नव्हती, इतकेच.

तेव्हा त्याने फुटबॉल संघांच्या निरीक्षकांपुढे आपली परीक्षा देण्याची तजवीज केली. महाविद्यालयात त्या खेळाचा एकही सामना न खेळलेल्या या तरुणास २००३ साली सॅन दिएगो चार्जर्स या संघाने, खेळाडूंच्या वार्षिक निवडीत कोणीही न निवडलेला उमेदवार म्हणून, करारावर घेतले. पुढे तो सोळा हंगाम त्याच संघाकडून खेळला, आपल्या स्थानावरील खेळाडूंत सर्वाधिक, म्हणजे ११६ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणे) करून निवृत्त झाला, आणि २०२५ साली त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला.

हे घडले कसे, हे कळण्यासाठी तो खेळ थोडा समजून घेतला पाहिजे. नावात फुटबॉल असले तरी या खेळात लंबगोल चेंडू बहुतांशी हातातच असतो. अकरा-अकरा जणांचे दोन संघ समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना दहा यार्ड भूमी पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. आणि दुसरा संघ त्यांना अंगाला भिडून, धरून, पाडून अडवितो. आपल्या कबड्डीत जसा भूमीच्या रेषेवरून आणि देहाच्या पकडीवरून निकाल लागतो, तसाच येथेही भूमीचा आणि देहाचाच हिशोब असतो. या संघरचनेत टाइट एंड नावाचे एक स्थान आहे. त्या जागेवरील खेळाडूने कधी आपल्या सहकाऱ्यासाठी प्रतिस्पर्ध्याला रेटून वाट मोकळी करावयाची, तर कधी स्वतः धावत जाऊन दुरून फेकलेला चेंडू गर्दीत झेलावयाचा, अशी दुहेरी जबाबदारी असते.

बास्केटबॉलचा बेवड उपयोगी पडला तो नेमका या जागी. कड्यावर आपटून परत येणारा चेंडू मिळविणे हे गेट्सचे महाविद्यालयातील नित्यकर्म. त्यासाठी खेळाडू आधी प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करतो, गुडघे वाकवून कंबर खाली नेतो, पाय फाकून आपल्या देहाची भिंत त्याच्या आणि चेंडूच्या मध्ये उभी करतो, आणि मग चेंडू खाली येण्याची वाट न पाहता उडी घेऊन हात पूर्ण लांबवून वरच्या वर तो हस्तगत करतो. चेंडू कोठे पडेल याचा अंदाज, उडीची वेळ, अंगाला धक्का बसत असताना हातांची स्थिरता आणि जमिनीवर येताच दिशा बदलण्याची पायांची तयारी हे सारे त्यात एकवटलेले असते. टाइट एंडने गर्दीत चेंडू झेलणे म्हणजे वेगळ्या पोशाखात तीच क्रिया होय. गेट्सच्या आधी टोनी गोन्झालेझ हा कॅलिफोर्निया विद्यापीठात दोन्ही खेळ खेळून याच स्थानी थोरवीस पोहोचला होता. आणि गेट्सनंतर जिमी ग्रॅहमने मायामी विद्यापीठात चार वर्षे बास्केटबॉल आणि केवळ एक वर्ष फुटबॉल खेळून २०१० साली व्यावसायिक संघात प्रवेश मिळविला. एकाच वाटेने तिघे गेले, तेव्हा ती वाट केवळ योगायोगाची नव्हे, असे मानावयास आधार मिळतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात मिरे नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी कुटुंबात १९९४ साली जन्मलेली किरण नवगिरे आज क्रिकेटपटू म्हणून सर्वांना परिचित आहे. परंतु तिचा मूळ बेवड क्रिकेटचा नव्हे. भालाफेक, गोळाफेक आणि चमूने धावण्याची रिले शर्यत या मैदानी प्रकारांत तिचा देह घडला, आणि ती विद्यापीठाच्या पातळीपर्यंत पोहोचली. क्रिकेटची ओढ मनात होती; २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात महेंद्रसिंह धोनीने षटकार मारून विजय खेचून आणला, ते दृश्य तिच्या मनात घर करून राहिले होते. पण ज्या वयात शहरातल्या मुली पाच-सात वर्षांचे क्रिकेटचे शिक्षण पुरे करून संघाच्या दारात उभ्या असतात, त्या वयात पुण्यात शिकावयास आलेल्या किरणने या खेळात गांभीर्याने लक्ष घातले.

पुढील हकिगत झपाट्याची आहे. महाराष्ट्राकडून खेळून पुरेशी संधी न मिळाल्यावर ती नागालँडच्या संघात गेली, आणि २०२२ साली अरुणाचल प्रदेशाविरुद्ध वीस षटकांच्या सामन्यात ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा करून तिने सर्वांचे लक्ष वेधून घेतले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, आमच्या पिंपळवंडीहून दोन-अडीच तासांच्या वाटेवर असलेल्या गहुंजेच्या मैदानावर, महिलांच्या टी-२० चॅलेंज स्पर्धेत तिने ३४ चेंडूंत ६९ धावा केल्या. सप्टेंबरात इंग्लंडमध्ये ती भारताकडून खेळली. २०२३ साली महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात यूपी वॉरियर्झने तिला ३० लाख रुपयांस घेतले, आणि पहिल्याच सामन्यात तिने अर्धशतक केले. त्या दिवशी तिच्या बॅटीवर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. जेथे नाव असावयाचे तेथे तिने धोनीची आद्याक्षरे आणि त्याचा सातवा क्रमांक स्वतःच्या हाताने लिहिला होता. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात नागपूर येथे, पुन्हा महाराष्ट्राच्या संघात येऊन, पंजाबाविरुद्ध तिने ३४ चेंडूंत शतक पुरे केले. महिलांच्या वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये तोवर कोणीही इतक्या कमी चेंडूंत शतक केले नव्हते.

भाल्याने बॅटीला काय दिले? भाला हाताने फेकतात असे पाहणाऱ्यास वाटते. खरे पाहता तो पायाने फेकला जातो. धावत आलेली खेळाडू शेवटच्या पावलाला पुढचा पाय सरळ आणि कडक रोवते. धावेचा वेग त्या पायाशी एकाएकी अडतो, आणि अडलेली ती शक्ती पायातून कमरेत, कमरेतून धडात, धडातून खांद्यात, खांद्यातून कोपरात आणि अखेरीस मनगटात अशी पायरीपायरीने चढत जाते. मोटेचा नाडा ताणला जावा तसे अंग तिरपे ताणले जाते, आणि कंबर आधी वळून खांदा मागाहून येतो. उंच फटका मारणाऱ्या फलंदाजाच्या अंगातही शक्तीचा प्रवास याच क्रमाने होतो: पुढचा पाय रोवला जातो, कंबर उघडते, मागून खांदे येतात आणि सर्वांत शेवटी बॅट येते. जो केवळ दंडाच्या जोरावर मारतो त्याचा चेंडू सीमारेषेच्या अलीकडे झेलला जातो. ज्याचे सारे अंग क्रमाने फटक्यात उतरते त्याचा चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडतो. ६०० ग्रॅमांचा भाला आणि चार किलोंचा गोळा वर्षानुवर्षे फेकून जी साखळी पक्की झाली, तिच्या शेवटच्या कडीला भाल्याऐवजी बॅट आली, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

तथापि बेवड म्हणजे पीक नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उत्तम बेवडाच्या रानातही नांगरट, पेरणी, खुरपणी नव्याने करावी लागते. एका खेळातून दुसऱ्या खेळात शक्ती येते, तोल येतो, वेग येतो, शिस्तीची सवय येते. येत नाही ते त्या खेळाचे वाचन. ताशी ११० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत यावयास सुमारे सहा दशांश सेकंद लागतो. एवढ्या अवधीत चेंडू कोठे पडेल, कोणीकडे वळेल हे ओळखून, निर्णय करून फटका मारावयाचा असतो. अनुभवी फलंदाज हे साधतो, कारण चेंडू सुटण्यापूर्वीच गोलंदाजाचे मनगट, खांदा आणि पावलांचा ताल त्याला पुढची वार्ता देऊन चुकलेले असतात. ही विद्या भाल्याच्या मैदानावर मिळत नाही. बुद्धिबळाविषयी विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोन अभ्यासकांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण येथे आठवते: खऱ्या डावातील मांडणी क्षणभर दाखविली तर निष्णात खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडतो, पण तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखुरली, तर त्याची स्मृती नवशिक्याहून फारशी वरचढ ठरत नाही. निष्णाताचे डोळे सर्वसाधारणपणे तीक्ष्ण नसतात. आपल्या विद्येच्या क्षेत्रापुरते ते तीक्ष्ण झालेले असतात. म्हणून खेळ बदलणारास देह घेऊन येता येते, परंतु दृष्टी नव्याने कमवावी लागते. आणि वीस-बावीस वर्षांच्या वयात, एका विद्येत नाव मिळविल्यावर, दुसऱ्या विद्येच्या पहिल्या इयत्तेत मुलांबरोबर बसण्यास जो विनय लागतो, तो या प्रवासातील खरा कसोटीचा भाग आहे.

शेतकऱ्याला वाईट बेवडही ठाऊक असतो. वांग्यामागे टोमॅटो लावू नये, असे आमच्याकडे सांगतात. कारण दोन्ही पिके एकाच कुळातली, आणि एकाचा रोग मातीत दबा धरून दुसऱ्यास गाठतो. खेळांतही फार सारखे दिसणारे खेळ कधी कधी एकमेकांस बाधतात. बॅडमिंटनमध्ये मनगटाचा झटका हे भूषण, तर टेनिसमध्ये बहुतेक फटक्यांना मनगट आवळून धरावे लागते. एकातून दुसऱ्यात जाणाऱ्याला नवे शिकण्याहून जुने विसरणे कठीण जाते. खाशाबा जाधवांसमोर हीच अडचण होती. गोळेश्वरच्या या मल्लाचा देह तांबड्या मातीत घडलेला; आणि ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची, वेळेने बांधलेली, गुणांनी मोजली जाणारी. १९४८ साली लंडनला त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. त्यानंतरची चार वर्षे त्यांनी नव्या पद्धतीच्या साधनेत घालविली, आणि १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

आता बेवडाचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचे. आमच्या गावातील शाळेच्या पटांगणावर सायंकाळी फक्कीच्या रेषा ओढून मुली खो-खो खेळतात. आठ जणी मधल्या पट्टीवर आळीपाळीने दोन्ही दिशांस तोंडे करून उकिडव्या बसतात आणि नववी पाठलाग करते. एकदा दिशा घेतली की तिला मागे फिरता येत नाही, आणि खांबाला वळसा घातल्याविना मधली पट्टी ओलांडता येत नाही. परवा एक आठवीतली मुलगी मी पाहिली. पळणारी खांबाजवळून निसटणार, एवढ्यात हिने डाव्या हाताने खांब धरला, उजवा पाय मातीत रोवला, आणि सारा देह जमिनीला समांतर होईल असा सूर मारून तिने पुढच्या मुलीच्या टाचेला बोटे लावली. कोपर सोलले होते. त्यावरची धूळ तिने झग्याला पुसली आणि ती पुन्हा पट्टीवर जाऊन बसली. पाऊल रोवणे, तोल सांभाळणे, वेग मोडणे आणि पुन्हा वेग धरणे या चारही गोष्टी त्या दोन क्षणांत येऊन गेल्या होत्या.

त्या वेळी मला मोहीची ललिता बाबर आठवली. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील या दुष्काळी गावातील मुलगी आरंभी खो-खोच खेळत असे. तेथून ती लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिने लागोपाठ तीन वेळा पहिला क्रमांक घेतला. आणि मग ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत ती उतरली. या शर्यतीत २८ वेळा लाकडी अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. प्रत्येक उडीपाशी धावेचा ताल मोडतो आणि प्रत्येक उडीनंतर तो पुन्हा बसवावा लागतो. केवळ लांब धावणारास हे मोडणे-जोडणे जड जाते. ज्या पायांनी बालपणी खांबाखांबांशी हजारो वेळा वेग मोडला आणि पुन्हा धरला, त्यांना त्याची ओळख आधीपासून होती, असे मला वाटते. ललिताने २०१४ साली इंचॉनच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्य आणि २०१५ साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली. धावण्याच्या पट्ट्यावरील अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री ३२ वर्षांपूर्वीच्या पी. टी. उषेनंतर हीच. अंतिम शर्यतीत तिचा क्रमांक दहावा आला. खो-खो, लांबची धाव आणि स्टीपलचेस, अशी तीन पिके एका रानात एकामागून एक निघाली, आणि प्रत्येकाने पुढच्यासाठी काही ठेवले.

परंतु चांगला बेवड असूनही पेरणारा भेटला नाही तर रान पडीक राहते. गेट्सपुढे फुटबॉल संघांच्या निरीक्षकांनी एक दार उघडे ठेवले होते. त्यांनी त्याच्या महाविद्यालयीन फुटबॉलचा दाखला मागितला नाही, देह आणि हात पाहिले. ब्रिटनने २००७ साली उंच बांध्याच्या तरुणांना जाहीर आवाहन करून, त्यांना पूर्वी न खेळलेल्या खेळांत घालण्याची योजना आखली. तिच्यातून पुढे आलेली शारीरिक शिक्षणाची शिक्षिका हेलन ग्लोव्हर २००८ मध्ये प्रथम वल्हे हाती धरून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकाची मानकरी झाली. आपल्याकडेही असे दार अगदीच नाही असे नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, तेथे आधी त्याच्या देहाची सर्वसाधारण तयारी झाली आणि मग त्याने नेमबाजी हा खेळ निवडला. २०२४ साली पॅरिसला त्याने कांस्यपदक मिळविले. आणि शासनाचा हात पोहोचला नाही तेथे एखाद्या माणसाने दार उघडल्याचेही उदाहरण आहे: खाशाबांना हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा कमी पडला, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

प्रत्येक गावात खर्डेकर असतील अशी अपेक्षा करता येणार नाही. पण प्रत्येक गावात एक वही असू शकते. आपल्या जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर पीकपेऱ्याची नोंद असते. कोणत्या साली, कोणत्या हंगामात, किती क्षेत्रात काय होते, हे तलाठ्याच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले आहे. मातीच्या बेवडाची एवढी काळजी वाहणाऱ्या समाजाने मुलांच्या बेवडाची नोंद ठेवू नये, ही गोष्ट मला मनापासून खटकते. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या नावे एक पान असावे. त्यावर दरसाल उंची, उभ्याने मारलेल्या उडीचे अंतर, तीस मीटर धावण्यास लागलेला वेळ, चेंडू किती लांब फेकला याची मोजणी, आणि त्या वर्षी कोणता खेळ खेळला, एवढेच लिहावे. यास मोजपट्टी, सेकंदकाटा आणि एक पेन्सिल पुरते. मूल शाळा सोडून गेले की ते पान त्याच्या हाती द्यावे. पुढे कोणी प्रशिक्षक भेटला तर त्याला ते दाखविता येईल, आणि खो-खोचे प्रमाणपत्र पाहून हा आमच्या खेळाचा नव्हे असे म्हणण्याऐवजी तो विचारील, या रानात आधी काय होते?

कोपर सोललेल्या त्या मुलीचे पान कोठे नाही. येत्या जूनमध्ये शाळा भरेल तेव्हा मोजपट्टी आणि वही घेऊन पटांगणावर जावे, गुरुजींची अनुमती घ्यावी, आणि पहिली नोंद तिच्यापासून करावी, असे मी ठरविले आहे. ती पुढे खो-खोच खेळेल, भाला उचलील, की ज्याचे नाव या गावाने अजून ऐकलेले नाही अशा खेळात जाईल, हे आज सांगता येत नाही. पण ज्या दिवशी कोणी पेरणारा तिच्या दारी येईल, त्या दिवशी तिच्या बेवडाचा उतारा तयार असला पाहिजे.